पाचव्या किलोमीटरचा दगड

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे. मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतला आणि म्हणाल्या, "आजोबा, इतका चांगला आकडा माझासुद्धा नाही." फोन करता आला असता, पण फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. हवापाणी झालं, जेवणखाण झालं, की मी "बरं मग" म्हणतो आणि ठेवून देतो. आज जे सांगायचंय ते त्या "बरं मग"च्या पलीकडचं आहे. चार वेळा कागद घेतला आणि चार वेळा फाडला. हा पाचवा.

आधी एक लपवलेली गोष्ट सांगतो, म्हणजे हात मोकळा होईल. गेली पाच वर्षं मी तुला "सकाळी फिरायला जातो" असं सांगतोय ना, ते अर्धंच खरं आहे. मी सायकल चालवतो. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी शिकलो म्हटलंस तरी चालेल, कारण लहानपणी जे येत होतं ते पार विसरलो होतो. गुडघ्यासाठी डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं. छर्रेकाकांच्या दुकानातून एक सरळ हँडलची, म्हाताऱ्या माणसाला शोभेल अशी सायकल घेतली. पहिल्या दिवशी दुकानापासून कोपऱ्यापर्यंत जाऊन दोनदा पडलो. छर्रेकाका दारात उभे राहून म्हणाले, "मोजणीदारसाहेब, सायकल मोजू नका, चालवा." ते अजून तसेच आहेत बरं का. शर्टाच्या खिशात अजून चाकातले मूठभर पोलादी छर्रे असतात, चालले की खुळखुळतात. आता दुकान भाचा बघतो, म्हणून सकाळी तेही माझ्याबरोबर येतात. मी पुढे, ते मागे. बोलत फारसे नाहीत.

तुला हे का सांगितलं नाही, ते पुढे कळेल. कारण आम्ही जातो ते कालव्यावर.

तो रस्ता आता ओळखू येणार नाही तुला. आपल्या वेळी कालव्याच्या भरावावर नुसती मातीची वाट होती, पाटाचे कर्मचारी तपासणीला जायचे तेवढीच. आता गुळगुळीत डांबर आहे. दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवलेत आणि मधल्या फटीतून फक्त सायकल जाते. मोटार नाही, फटफटी नाही, भोंगा नाही. एका हाताला काठोकाठ पाणी, दुसऱ्या हाताला खाली उतरत गेलेली शेतं, आणि कानाला फक्त स्वतःच्या चेनचा आवाज. कालवा जिथे नदीतून फुटतो तिथून रस्ता पुढे नदीकाठाने नेलाय. वाटेतल्या प्रत्येक पुलाच्या खालून तो जातो, त्यामुळे बेचाळीस किलोमीटरमध्ये एकही रस्ता आडवा येत नाही. रविवारी जत्रा असते नुसती. एक बाई जुळ्या पोरांना मागच्या गाडीत बसवून ओढत नेते. एक नवराबायको रोज भांडत जातात आणि परतताना गप्प असतात. नदीच्या वळणावर ऊन पाण्यावरून उडून थेट डोळ्यांत येतं, तेव्हा हँडलवरचा एक हात काढून कपाळावर धरावा लागतो. मला ते आता जमतं. हे सगळं तू पाहायला हवं होतंस असं रोज वाटतं, आणि वाटलं की लगेच मान खाली जाते.

या वर्षी त्या रस्त्यावर दर अर्ध्या किलोमीटरला अंतराचे फलक लागले. हिरव्या पाटीवर पांढरे आकडे. कालव्याच्या दरवाजांपाशी शून्य, तिथून पुढे मोजणी. आपली सुरुवातही तिथूनच असायची, आठवतं? मी दरवाजांच्या कठड्याला टेकून हातात स्टॉपवॉच धरायचो. तू एक पाय जमिनीवर ठेवून माझ्याकडे न बघता पुढे बघायचीस. पाच किलोमीटर जायचं, पांढऱ्या दगडाला वळसा घालायचा आणि पाच किलोमीटर परत. पहिल्या दीड किलोमीटरनंतर तू वळणाआड जायचीस. मग दहा-बारा मिनिटं तिथे फक्त पाणी आणि मी.

त्या वर्षी तू सतरा पूर्ण करणार होतीस. सायकलपटूंच्या निवासी प्रशिक्षण केंद्राची अट होती की सतरा पूर्ण व्हायच्या आत दहा किलोमीटर सोळा मिनिटं तीस सेकंदांत काढून दाखवायचे. सरकारी मोजणीदाराने प्रमाणित केलेलं अंतर आणि वेळ अर्जावर हवी होती. तू केवढी खूश झाली होतीस! "बाबा, आपल्या घरातच मोजणीदार आहे!" त्याच रविवारी आपण दोघांनी मिळून ते पाच किलोमीटर मोजले. आठ वर्षांची असल्यापासून तू माझ्या टेपचं दुसरं टोक धरत आलीस. वीस मीटरची पोलादी टेप, आणि दर दहा टेपांना मी सुतळीला एक गाठ मारायचो. पंचवीस गाठी झाल्या तिथे दगड रोवला आणि तू त्याला पांढरा रंग दिलास. नाकालाही लावून घेतलास.

तुझ्या आईने तुझ्यासाठी सायकलीची चड्डी शिवली होती. आत जुन्या उशीचा स्पंज. पहिल्यांदा घालून आलीस तेव्हा ती म्हणाली, "बदकासारखी दिसतेस, पण बसायला बरी पडेल." मला म्हणाली, "अहो, जाऊ द्या तिला. पाय तिचे आहेत, आपले नाहीत." ती पहिल्यापासून तुझ्या बाजूची होती. मीही होतो. म्हणजे, तोंडाने होतो.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तू सोळा अडतीसला आलीस. आठ सेकंद कमी पडत होते. धापा टाकत कठड्यावर बसलीस, पाणी प्यायलीस आणि हसत म्हणालीस, "पुढच्या महिन्यात नक्की. मग मी गेल्यावर तुमची टेप कोण धरणार, बाबा?" मी पण हसलो. म्हणालो, "खुंटीला बांधीन." तू ते विसरली असशील. त्या दिवशी दिवसभर मी दुसरं काही ऐकलंच नाही.

भिंगरी, इथून पुढचं वाचताना बसून वाच.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून सुटल्यावर मी घरी न येता कालव्यावर गेलो. दहा टेपा पुढे मोजल्या. एकट्यानेच, टोकाला खिळा ठोकून. तिथे दुसरा दगड रोवला, रंगवला, आणि तू रंगवलेल्या दगडाचा रंग खरवडून तो उताराखाली सोडून दिला. घरी येऊन तुला सांगितलं की मोजताना चूक झाली होती, एक गाठ दोनदा मारली गेली, चोवीसच गाठी होत्या, पंचवीस नव्हत्या. जन्मात कधी चूक कबूल न करणारा माणूस मी, आणि कबूल केली ती न केलेली चूक. तुझा चेहरा क्षणभर पडला. सोळा अडतीस हे दहा किलोमीटरचे नव्हतेच, असं तुला वाटलं. पण लगेच माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, "होतं हो बाबा कधीकधी. बरं झालं आत्ताच कळलं." मला धीर दिलास तू.

पुढच्या रविवारी सतरा वीस. तू घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलीस.

मी स्वतःला काय सांगत होतो ते लिहितो, कारण ते आता मलाच हास्यास्पद वाटतं. मी म्हणायचो, पोरगी जास्त अंतरावर घासून निघेल, मग मुदत संपायच्या आधी मी दगड परत मागे आणीन, आणि ती एकदम सोळाच्या आसपास येऊन सगळ्यांची तोंडं बंद करील. गुरू लोक असं करतात म्हणे. मी गुरू नव्हतो. मी तू गेल्यावर मागे उरणारा माणूस होतो. कचेरीत मला कुणी मित्र नव्हता, हे तुला कधी जाणवलं का? तुझी आई दिवसभर शिवणाच्या दुकानात, आणि मी उन्हातान्हात मोजत फिरायचो तेव्हा टेपच्या दुसऱ्या टोकाकडून तुझी बडबड यायची. ती थांबणार, एवढंच मला दिसत होतं. दगड मी दर आठवड्याला मागे आणायचं ठरवायचो आणि दर आठवड्याला एखादं काम निघायचं.

मग ते मीटर. छर्रेकाकांनी हौसेने तुझ्या पुढच्या चाकाला अंतर दाखवणारं छोटं मीटर बसवून दिलं. तू परत आलीस आणि म्हणालीस, "बाबा, हे दहा पॉइंट चार दाखवतंय." मी वाकून मीटर बघितल्यासारखं केलं. आणि जीभ चालली. म्हणालो, हे मोठ्या चाकाचं मीटर आहे, तुझ्या चाकावर जास्तच दाखवणार. तुला पटलं. पटणारच. मोजमापाच्या बाबतीत या घरात माझा शब्द शेवटचा होता. तू ते मीटर काढून छर्रेकाकांना परत दिलंस, वर थोडं रागावलीसही, की चुकीचं मीटर देता आणि उगीच जीव टांगणीला लावता. मी शेजारीच उभा होतो. त्यांनी मीटर हातात घेतलं, चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं चाकंच बसवत आलेला तो माणूस. तुला म्हणाले, "चुकलं माझं, ताई." बस्स. माझं पाप त्यांनी तुझ्यासमोर स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं.

तुझ्या वाढदिवसाआधीच्या शेवटच्या रविवारी वारा होता. तू गेलीस आणि मी घड्याळाकडे बघत उभा राहिलो. त्या दिवशी मी देवाला काय मागत होतो ते आजही लिहवत नाही. तू वळणावरून दिसलीस, मान खाली, गुडघे पिस्टनसारखे. सोळा अठ्ठेचाळीस. अठरा सेकंद कमी पडले. भिंगरी, ते दहा पॉइंट चारचे सोळा अठ्ठेचाळीस होते. मी त्याच क्षणी मनात भागाकार केला, सवयच ती. दहा किलोमीटरला सोळा मिनिटं नऊ सेकंद. एकवीस सेकंद राखून तू आत होतीस. माझ्या हातात घड्याळ होतं, खिशात पेन होतं, आणि अर्ज घरी टेबलावर होता.

तू सायकल कठड्याला टेकवलीस, माझ्याजवळ आलीस आणि म्हणालीस, "सॉरी बाबा. तुमच्या दोन महिन्यांच्या पहाटा फुकट घालवल्या मी." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे."

या दोन शब्दांची मला जेवढी लाज वाटते तेवढी दगडाचीसुद्धा वाटत नाही.

तू सायकल छर्रेकाकांच्या दुकानात नेऊन ठेवलीस आणि चालत घरी आलीस. परत कधी बसली नाहीस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दगडापाशी गेलो, काढून टाकावा म्हणून. तिथल्या ओल्या मातीत तुझ्या चाकाच्या खुणा होत्या. एकावर एक, सात आठवड्यांच्या. सगळ्या दगडाच्या पलीकडून. बघायला कुणी नव्हतं, दोन हात अलीकडून वळली असतीस तर मला कळलंही नसतं. एकही खूण अलीकडची नव्हती. मला तो दगड काढवला नाही. तसाच घरी आलो.

पुढे तू शिकलीस, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागलीस, घर मांडलंस. तू सुखात आहेस असं मी स्वतःला दाखवत राहिलो. तुझी आई तर शेवटपर्यंत समजत होती की चड्डीची शिवण टोचत होती म्हणून तुझे सेकंद गेले. तीनदा उसवून शिवली होती तिने ती. आजारपणातही एकदा म्हणाली, "आतून दुहेरी शिवण घालायला नको होती." मी तिच्या उशाशी बसून संत्रं सोलत होतो. सांगता आलं असतं. सोललेली फोड तिच्या हातात ठेवली आणि म्हणालो, "तू नको तो विचार करू." ती गेली ती त्या शिवणीचा दोष घेऊन.

आता स्वतः सायकल मारायला लागल्यावर मला दोनशे मीटर म्हणजे काय ते कळलं. नकाशावर ती नखाएवढी रेघ असते. कचेरीत आम्ही असल्या रेघा खोडरबराने सरकवायचो. पण पाच किलोमीटर दामटून आल्यावर, मांड्या पेटलेल्या असताना, समोरून वारा असताना, दगड दिसतोय आणि येत नाहीये, असे ते दोनशे मीटर. मी तर म्हातारा, रमत जाणारा. तू ते जीव काढून मारत होतीस, जाताना आणि येताना.

फलक लागले त्या आठवड्यात छर्रेकाका आणि मी तिथवर गेलो. पाचचा फलक आला. तिथून दोनशे मीटर पुढे, डांबराच्या कडेला, गवतात माझा दगड. रंग उडालेला, तरी दिसत होता. छर्रेकाकांनी ब्रेक दाबला, पाय टेकला, मागे वळून फलकाकडे पाहिलं, मग दगडाकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत त्यांनी एक शब्द काढला नव्हता. त्या दिवशी म्हणाले, "पोरीला सांगितलंत का?" मी नाही म्हणालो. "मग मी तुमच्याबरोबर का येतो रोज, मलाच कळत नाही," असं म्हणून ते वळले आणि एकटेच परत गेले.

तुला वाटेल, मग मी तरी शुद्धीवर आलो असेन. नाही. तुम्ही सुटीत येणार, तुझी लेक, आपली छोटी, सायकल मागणार, तू तिला कालव्यावर नेणार, फलक बघणार, दगड बघणार, आणि तुला एका नजरेत सगळं कळणार, हे माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पहार घेऊन गेलो. एकाहत्तर वर्षांचा माणूस, सायकलच्या दांडीला पहार बांधून. तासभर खणला आणि दगड कालव्यात ढकलला. ती जुळ्यांची आई तेवढ्यात आली, थांबून म्हणाली, "वा काका, रस्ता साफ करताय, फार चांगलं." मी मान डोलावली. त्यानंतर चार दिवस मला शांत झोप लागली, हेही लिहून ठेवतो.

तेव्हा हे समज की आता पुरावा काही उरला नाही. छर्रेकाका बोलणार नाहीत. मी गप्प राहिलो असतो तर तुला कधीही कळलं नसतं. मग का लिहितोय? मागच्या रविवारी तू दुकानातून यायची होतीस आणि फोन छोटीने उचलला. तिच्या शाळेत सायकलच्या संघाची निवड आहे म्हणाली. मास्तर म्हणतात तुझे पाय चांगले आहेत, नाव दे. मी म्हटलं, मग दे की. तर ती म्हणाली, "आई नको म्हणते. आजोबा, आई म्हणते आपल्यात मेहनत आहे पण वेग नाही. तिने दोन महिने रोज मोजून पाहिलंय, आणि मोजणारा माणूस कधी चुकत नव्हता." तेरा वर्षांची पोर, इतक्या समजूतदारपणे सांगत होती. आणि मी, भिंगरी, अजूनही, त्या क्षणीसुद्धा, काय म्हणालो माहीत आहे? "आई म्हणते ते ऐकावं." बरं मग म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर पहिला कागद घेतला. तुझं मी जे केलं ते झालं, ते परत येत नाही, आणि त्याची माफी मागायचं तोंड मला नाही. पण ते तुझ्या तोंडून तिच्यात उतरताना मी ऐकलं आणि परत एकदा हातभार लावला. निवड या महिन्याच्या वीस तारखेला आहे. पत्र त्याआधी पोचावं म्हणून आजच टाकतोय. माझ्यावर रागाव, बोलू नकोस, सुटीत येऊ नकोस, ते सगळं मला कबूल आहे. फक्त तिचं नाव दे. अंतर आणि वेळ शाळेच्या माणसांना मोजू दे. मी विचारलं तरी मला आकडा सांगू नकोस. आणि ती सुरुवातीच्या रेघेवर उभी राहण्याआधी तिला एवढं सांग की तिची आई सतरा पूर्ण व्हायच्या आत दहा किलोमीटर सोळा मिनिटं नऊ सेकंदांत काढत होती, आणि हे त्या वेळी फक्त एका माणसाला माहीत होतं.

तुझाच, अजून तसं म्हणू देणार असलीस तर,
बाबा